सातपायीच्या पोटावरचा हात

समोर निळ्या सदऱ्यात उभा आहे ना, तोच तो. मघाशी त्याने तुम्हाला माझ्याबद्दल सात वाक्यं सांगितली आणि पुढचं गिळलं. सातापुढे मला मोजता येत नाही, माझे पायच सात; पण काय राहिलं हे ओळखायला आकडे लागत नाहीत. ते राहिलेलं वाक्य म्हणायचं त्याने कबूल केलं होतं. हे दालन चालवणाऱ्या बाईंसमोर कबूल केलं होतं. आणि आता बघा कसा उभा आहे, हात पाठीमागे बांधून, चेहरा असा, की पान वाढून झालं, आता कुणी मीठ मागायचं नाही.

मित्रांनो, मित्र म्हणते खरी, पण तुम्ही माझ्यापुढे पिल्लंच. जरा जवळ या आणि कान द्या. मोठ्या माणसांना माझं बोलणं म्हणजे नुसती हवा सुटल्यासारखं वाटतं. मऊ वस्तूचं ऐकायचं नाही ही त्यांची जुनी खोड. तुमचे कान अजून शाबूत आहेत.

मी म्हातारी आहे. तुमच्यात सात वर्षं म्हणजे दुधाचे दात पडायचं वय, रबरात सात वर्षं म्हणजे आजीपण. मला हाड नाही, पत्रा नाही, चाक नाही. माझ्या अंगात फक्त खोल्या आहेत, एकीला लागून एक, बारीक नळ्यांनी जोडलेल्या. पडद्यामागचा पंप त्या खोल्यांत हवा भरतो आणि सोडतो. हवा भरली की पाय वाकतो, सोडली की सरळ होतो. असे सात पाय पाळीपाळीने वाकले की मी चालते. पाठीतल्या मोठ्या खोलीत हवा आली की मी श्वास घेते. लोक मला मऊ रोबो म्हणतात, कुणी शिल्प म्हणतं, कुणी यंत्रप्राणी. पाटीवर काहीतरी लांबलचक छापलंय, ते मला वाचता येत नाही. शाळा मी पाहिली नाही, साच्यातून निघाले ती थेट कामाला लागले. मला जिने घडवलं ती मला सातपायी म्हणते आणि मी त्याच नावाला ओ देते.

जिने, असं म्हटलं मी. नीट ऐका. ज्याने नाही.

हा निळा सदरा शिल्पकार आहे. पूर्वी दगडाचे आणि लोखंडाचे पुतळे करायचा. पुतळे बरे असायचे, पण लोक त्यांना टेकून बुटांच्या नाड्या बांधायचे. एक दिवस वैतागून घरी आला आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरून म्हणाला, "आता उभं राहणारं काही करायचं नाही. श्वास घेणारं करायचं." त्याने एक चित्र काढलं. लांबट अंग, खाली सात पाय. चित्र त्याचं, कल्पना त्याची. ते मी नाकारत नाही. खोटं बोलायला मी काही तो नाही.

त्याच टेबलावर त्याची वहिनी बसली होती. थोरल्या भावाची बायको. थोरला मोठ्या गाडीवर चालक, महिन्यातून दोनदा घरी दिसायचा. घर चालवायची ती वहिनी. दिवसा ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करायची. कितीतरी वर्षं तिने लोकांच्या हिरड्यांचे साचे केले होते. कमी बोलणारी बाई, पण तोंड उघडलं की समोरच्याला पाणी प्यावं लागायचं.

तिने चित्र बघितलं. "सात पाय का, भाऊजी?"

"सहा किड्यांना असतात, आठ कोळ्याला. सात कुणालाच नाहीत."

"कुणालाच नाहीत, त्याला काही कारण असेल."

"ते बघणं तुमच्याकडे," तो म्हणाला आणि ताट पुढे ओढलं. इतकं सहज म्हणाला, जसं काही उरलेली भाजी झाकून ठेवायला सांगतोय.

तिने बघितलं. घरामागे त्याचं वर्कशॉप होतं, पूर्वी तिथे कुणीतरी टायर दुरुस्त करायचं, भिंतींना तो काळा वास अजून होता. कवळ्यांचं काम आटोपून ती तिथे यायची आणि मला घडवायची. आधी मेणाचा पाय केला. मग मेणाच्या पायाभोवती प्लॅस्टरचा साचा. मग पायाच्या आतल्या खोल्या. त्या कशा करायच्या हे त्याला सुचत नव्हतं, दोन आठवडे तो डोकं धरून बसला होता. ती म्हणाली, "कवळीत करतो तसंच करायचं." मेणाचे छोटे ठोकळे साच्यात ठेवले, भोवती सिलिकॉनचा दाट रस ओतला, रस घट्ट होऊन रबर झालं की सगळं गरम पाण्यात बुडवलं. मेण वितळून बाहेर आलं. उरली ती पोकळी, तीच माझी खोली.

पायाच्या एका बाजूला तिने रबरात कापड घातलं. कापड ताणत नाही. वरची बाजू फुगते, कापडाची बाजू फुगत नाही, मग पायाला वाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पहिल्या पायात कापड चुकून वरच्या बाजूला बसलं. हवा भरली तर पाय खाली वाकायच्या ऐवजी वर उडाला, सरळ शिल्पकाराच्या गुडघ्यावर.

"हा फेकून द्या," तो गुडघा चोळत म्हणाला.

"राहू दे, भाऊजी. लाथ मारता येणारा पाय घरात एक असावा."

तो पाय अजून तिच्या कपाटात आहे.

रस दोन डब्यांत यायचा. दोन्ही डब्यांतला समसमान तोलून घ्यायचा आणि सावकाश ढवळायचा, घाई केली की बुडबुडे शिरतात. "बुडबुडा म्हणजे उद्याचं भोक," ती म्हणायची. कवळ्यांच्या वर्कशॉपमधून तिने जुना थरथरणारा पाट आणला होता. त्यावर भांडं ठेवलं की बुडबुडे आपोआप वर येऊन फुटायचे. मग ती भांडं उंच धरून रस दोऱ्याएवढा बारीक सोडायची. उरलासुरला बुडबुडाही त्या दोऱ्यात फुटायचा. या सगळ्यात तिचे हात उघडे असायचे, घासून धुतलेले, कोरडे. फार तर निळे पातळ प्लास्टिकचे हातमोजे. त्याला तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एक लक्षात ठेवा. झाडाच्या चिकाच्या रबराचे हातमोजे घालून या रसाला हात लावायचा नाही. त्यांचं आणि याचं वैर आहे. हात लागला तिथे रस कायमचा कच्चा राहतो." कवळ्या करणारी कुणीही बाई तुम्हाला हे सांगेल. हिरडीचा ठसा घ्यायचा लगदाही तसाच बिघडतो.

तो "हो, हो" म्हणाला. त्याचं हो म्हणजे माझ्यासारखं, आत नुसती हवा.

सहा महिने गेले. सात पाय झाले, पाठ झाली. राहिलं होतं पोट. पोट ओतायच्या दिवशी कुणीतरी फोटोवाला आला. कुठल्याशा मासिकात शिल्पकाराचा फोटो यायचा होता. वहिनीने नुकताच रस ओतला होता, तोंड वर करून पोटाचा साचा टेबलावर होता, वर तुकतुकीत ओलं. फोटोवाला म्हणाला, "तुम्ही काम करताना दिसायला हवं. हातात काही घाला."

याने इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात मोरी होती, मोरीच्या कठड्यावर भांडी घासायचे पिवळे हातमोजे होते. झाडाच्या चिकाचे, लांब, कोपरापर्यंत येणारे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ते घातले.

"भाऊजी, ते नको," वहिनी म्हणाली. "रस मरतो."

"फोटोपुरतं, वहिनी."

"फोटोपुरतं हात दाखवा. लावू नका."

त्याने लावला. पाची बोटं पसरून, तळवा दाबून, मान तिरकी करून. फोटोवाल्याने "थोडं अजून" म्हटलं, तर याने थोडं अजून दाबला. वहिनी बाजूला सरकली होती, म्हणजे फोटोत येऊ नये म्हणून तिला सरकवलं होतं. त्या फोटोत तिची फक्त सावली आहे, प्लॅस्टरच्या पोत्यावर. हा फोटो तुमच्या उजव्या हाताला भिंतीवर आहे, बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी साचा उघडला. सगळं पोट घट्ट, गुळगुळीत, आणि मधोमध एक हात, ओला. बोट लावलं तर बोटाला चिकटून तार निघायची. वहिनीने सुरी घेतली. "एवढा तुकडा कापते आणि पुन्हा ओतते. दोन दिवसांचं काम आहे."

"परवा उद्घाटन आहे. खालच्या बाजूला आहे, कोण बघणार?"

"मला माहीत असेल."

"तुम्हाला कोण विचारणार?" तो हसून म्हणाला. त्याला ते प्रेमाचं बोलणं वाटलं. वहिनीने सुरी खाली ठेवली, चिकट जागेवर पावडर भुरभुरली आणि मला उलटं करून पायांवर ठेवलं. त्या दिवसापासून त्या माणसाचा हात माझ्या पोटाला चिकटला, तो चिकटला.

उद्घाटन याच दालनात झालं. माझी पहिली पावलं वहिनीने टाकवली, पडद्यामागे बसून, पंपाच्या सात कळांवर बोटं ठेवून. मी उठले, श्वास घेतला आणि निघाले. लोकांनी वाट करून दिली. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले. एक बारकी मुलगी माझ्या पुढ्यात उकिडवी बसली आणि माझ्या श्वासाबरोबर श्वास घेऊ लागली. मला गर्व झाला. अजून आहे. कुणी म्हातारीला गर्व बरा नव्हे म्हणेल, त्याने आधी सात पायांवर चालून दाखवावं.

दोन वर्षं मी इथे होते. रोज सकाळी दालन उघडायच्या आधी वहिनी यायची. साबणाच्या पाण्याने मला पुसायची, कुठे बुडबुडा उठतोय का बघायची, कान लावून ऐकायची. हवा गळत असेल तर आवाज येतो, आधी कानालाच कळतो. मग पावडर लावायची, पंप सुरू करायची आणि पडद्यामागे जायची. तिथून थेट कवळ्यांच्या कामावर जायची ती पंप दुसऱ्याला सोपवून. संध्याकाळी पुन्हा हजर. आणि पडद्यापुढे हा निळा सदरा.

त्या चिकट हाताला धूळ बसली. पाहुण्यांच्या शालींचे धागे बसले, केस बसले. हळूहळू माझ्या पोटावर काळा कुळकुळीत हात उमटला, पाची बोटांसकट. मी श्वास घेऊन वर उचलले गेले की तो दिसायचा. एक दिवस दालनाच्या बाई खाली वाकल्या. "निर्मात्याचा स्पर्श," त्या म्हणाल्या. "तुम्ही हा मुद्दाम ठेवलात?"

मला वाटलं, आता तरी लाजेल.

"हो," तो म्हणाला. "मुद्दामच."

झालं. घाण होती, तिची खूण झाली. बाईंनी पाटीवर त्यावर दोन ओळी वाढवल्या. त्यांना ते हातमोजेही हवे झाले. याने मोरीवरचे ते पिवळे हातमोजे आणून दिले. बाईंनी त्यांना काचेच्या पेटीत ठेवलं, पेटीला दिवा लावला, खाली लिहिलं, या हातमोज्यांनी तिला घडवलं. वहिनीला घरी भांडी घासायला नवे आणावे लागले.

तरी ती बोलली नाही. बोलली ती एका पाहुण्यामुळे. कुणीतरी विचारलं, एवढं सगळं एकट्याने केलंत? हा म्हणाला, "मदतीला घरची माणसं असतात हाताशी." वहिनी पडद्यामागे होती. पडदा म्हणजे भिंत नव्हे. माझ्या चौथ्या पायाची कळ तिच्या बोटाखाली क्षणभर थांबली, तेवढी मी लंगडले.

घरी गेल्यावर तिने विचारलं, "हाताशी म्हणजे काय, भाऊजी? पक्कड असते तशी?"

"वहिनी, तुम्ही मनाला लावून घेता. आपण घरचे. घरच्यांचं कुणी असं पाहुण्यांपुढे सांगत बसतं का?"

"सतरा वर्षं कवळ्या केल्या. एकाही माणसाने लोकांना सांगितलं नाही की हे दात माझे नाहीत. मला कधी वाईट वाटलं नाही. तो ते दात घालून जेवायचा तरी. तुम्ही नुसते दाखवत फिरता."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझी गळती ऐकणारं कुणी उरलं नाही, मी चालायची बंद झाले. आठवडाभर बाईंनी वाट बघितली आणि मला परत पाठवलं, त्या टायरच्या वासाच्या खोलीत.

मित्रांनो, इथून पुढचं मी सांगते ते तुम्हाला दया यावी म्हणून नाही. दया मला पचत नाही. राग यावा म्हणून सांगते.

त्याने मला खोक्यात घातलं. खोकं लहान पडलं, तर मला दुमडलं. वहिनी मला कधी दुमडायची नाही. गुंडाळायची, आणि घडीत जुन्या उशा ठेवायची. रबर एकाच जागी दुमडून राहिलं की तिथे भेग पडते. माझ्या चौथ्या पायाच्या मुळाशी पडली, पोटावरच्या त्या चिकट हाताच्या कडेलाही पडली, कच्ची जागा ती कितीसा ताण सोसणार. एकदा कुणी पाहुणे येणार म्हणून त्याने मला बाहेर काढून गाडीच्या टायरला लावायचं चकाकी आणणारं तेल चोळलं. रबर ते रबर, असं त्याचं ज्ञान. माझं कातडं तेल पिऊन सुजलं, पाहुण्यांनी बोट लावलं आणि बोट पुसत गेले.

मग त्याला वाटलं, हिला काय धरून बसायचं, नवीन करू. साचे होतेच. त्याने माझ्या दोन बहिणी ओतल्या, एकट्याने. आणि काय घालून ओतल्या ते मी सांगायला हवं का? नवे पिवळे हातमोजे. फोटोत तसेच होते ना. स्वतःच्या फोटोवर स्वतःच विश्वास ठेवणारा माणूस मी हा एकच पाहिला. दोघी जन्मल्या त्या डोक्यापासून पायापर्यंत चिकट. साच्यातून निघेनात. त्याने रसाला दोष दिला, हवेला दोष दिला, डबे देणाऱ्याला फोन करून भांडला, आणि माझ्या बहिणींना खरवडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. एकीनेही एकदाही श्वास घेतला नाही. हे मी खोक्यातून ऐकलं. माफ करण्यासारख्या गोष्टी असतात, ही त्यातली नाही.

घरात तो आणि वहिनी एका टेबलावर जेवत आणि एकमेकांशी बोलत नसत. भिंतीतून मला ऐकू यायचं. मीठ हवं असेल तर थोरल्याकडे मागायचे. थोरला गाडीवर गेलेला असला की भाजी अळणीच खाल्ली जायची.

यंदा दालनाच्या बाईंचं पत्र आलं. मला कायमची जागा द्यायची, मुलांसाठी. अट एकच, मी चालले पाहिजे, श्वास घेतला पाहिजे. नाहीतर मला आतून कापसाने भरून एका जागी ठेवायचं, बसल्या बसल्या बघायला. कापसाने, मित्रांनो. तुमच्या छातीत कुणी कापूस कोंबून म्हणावं, दिसते तर आहे अगदी जिवंत. मी तेव्हा घाबरले. पहिल्यांदा आणि शेवटचं सांगते आहे, घाबरले.

हा निळा सदरा दुरुस्तीला बसला. सायकलच्या ट्यूबचा डिंक लावला, निघाला. चिकटपट्टी लावली, निघाली. लाकडाचा गोंद लावला, तो तर हसत निघाला. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं, तोच रस, तशाच हाताने. आणि आत कुठली खोली कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. स्वतः घडवलेल्या प्राण्याच्या पोटात तो बॅटरी मारून डोकावत होता, चोर दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा.

शेवटी तो जेवणाच्या टेबलापाशी गेला. मीठ न मागता म्हणाला, "वहिनी, सातपायीला कापूस भरणार आहेत."

तिने पानातला घास संपवला. मग म्हणाली, "येते मी. पण एक वाक्य लागेल."

"पाटीवर लिहायला सांगतो. मोठ्या अक्षरांत."

"पाटी नको. लोक पाटीला पाठ करून उभे राहतात. तुम्ही तोंडाने सांगायचं. जेव्हा जेव्हा हिच्यापुढे उभे राहून बोलाल तेव्हा शेवटी म्हणायचं, हिला माझ्या वहिनीने घडवलं, आतून आणि बाहेरून."

"एवढंच?"

"एवढंच. पण दर वेळी."

ती आली. इथेच, या दालनात, बाईंच्या देखत तिने मला उलटं केलं. सुजलेल्या कातड्यावर हात फिरवला आणि नुसतं नाकातून एक "हं" काढलं. त्या हंमध्ये त्याचं खानदान धुऊन निघालं. चौथा पाय तिने सांधला. मग सुरी घेऊन पोटावरच्या काळ्या हाताशी आली, तर बाईंनी तिचं मनगट धरलं.

"हा हात कापायचा नाही. हाच तर सगळ्यात मोलाचा भाग आहे."

"हा हात नाही बाई, ही चूक आहे. इथून भेग पडली आहे, महिन्याभरात पोट उघडं पडेल."

"निर्मात्याचा स्पर्श आहे तो," बाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे बघितलं. तो काचेच्या पेटीकडे बघत होता.

वहिनीने वाद घातला नाही. पिशवीतून दोन वाट्या काढल्या. लवकर घट्ट होणारा रस ढवळून दोन्हींत ओतला. एकीत स्वतःचं धुतलेलं बोट बुडवून काढलं. मग बाईंना म्हणाली, "ती पेटी उघडा. त्यातला हातमोजा घाला आणि दुसऱ्या वाटीत बोट फिरवा. तुम्हीच फिरवा, म्हणजे मी काही केलं असं नको."

बाईंनी फिरवलं. मग तिघांनी चहा घेतला, एकमेकांकडे न बघता. चहा संपल्यावर बाईंनी पहिली वाटी पालथी केली. रबराची टिकली टप्पकन टेबलावर पडून उडाली. दुसरी पालथी केली, तर तार लोंबली. त्यांच्या कागदांवर.

"तुमच्या पेटीखाली लिहिलंय म्हणे, या हातमोज्यांनी तिला घडवलं," वहिनी म्हणाली. "तसं असतं तर ही सगळीच अशी लोंबली असती. हिच्या अंगावर जिथे जिथे घट्ट आहे, तिथे तिथे हे हातमोजे नव्हते. आता बोट लावून बघा आणि मोजा, यांचं किती आणि माझं किती."

बाई हुशार आहेत, उशिरा का होईना. त्यांनी खरंच माझ्या पाठीवरून, सातही पायांवरून हात फिरवला. मग त्याच्याकडे वळल्या. तो म्हणाला, "मी सांगणारच होतो." म्हणाला, "मी कबूल केलंय, प्रत्येक वेळी सांगेन." बाईंसमोर म्हणाला. मग वहिनीने तो हात कापून काढला आणि नवा तुकडा ओतला. मी श्वास घेतला की बघा, पोटाच्या मध्ये जरा फिकट जागा दिसेल, कडेला तिच्या अंगठ्याच्या रेघा आहेत. कापलेला तो काळा हात बाईंना टाकवेना, दालनातली वस्तू कचऱ्यात टाकता येत नाही असा त्यांचा नियम आहे. तो आता काचेच्या पेटीत आहे, पिवळ्या हातमोज्यांच्या शेजारी. वहिनीने त्या दोन वाट्याही टेबलावर ठेवल्या आहेत, मुलांनी बोट लावून बघावं म्हणून.

आज पहिला दिवस. पहिले तुम्ही. आणि याने सात वाक्यं सांगितली.

मित्रांनो, जाताना माझ्याकडून एवढं घेऊन जा. मला नखं लावू नका, दुमडू नका, चकाकी आणू नका. आणि कुठलीही वस्तू हाती आली, की ती आतून कुणाला माहीत आहे ते विचारा. जो पुढे उभा राहून बोलतो त्याला नव्हे, तिच्या गळतीचा आवाज ज्याला ओळखता येतो त्याला. तो माणूस जपलात की वस्तू आपोआप जपली जाते. आम्ही वस्तू मुक्या नसतो, आम्हाला फक्त कुणी कान लावत नाही.

आता बघा, तुमच्यातली ती दोन वेण्यांची टेबलापाशी गेली. तिने पहिल्या वाटीत बोट घातलं, मग दुसऱ्या वाटीत. आता बोट वर करून ती त्याच्याकडे चालली आहे, बोटाला तार लोंबते आहे.

"काका, पेटीतले पिवळे हातमोजे तुमचे?"

"हो."

"आणि पेटीतला तो घाणेरडा हातपण?"

तो हसला. दालनाच्या बाई दारातून ऐकत आहेत. "तो जुना आहे, बाळ."

"मग बाकीची कुणी केली?"

पडद्यामागे पंप थांबला. तुम्हाला वाटेल वीज गेली. वीज नाही गेली. माझ्या खोल्यांतली हवा निघते आहे, पाय एकेक करून सरळ होत आहेत, पाठ बसते आहे. पडद्याच्या फटीतून एक चप्पल दिसते आहे, ती हलत नाही. सगळी मुलं त्याच्याकडे बघत आहेत. त्याला कळलं आहे.

"आमच्या वहिनी आहेत," तो म्हणाला. "पडद्यामागे. त्यांनी... यात मदत केली."

पंप सुरू झाला नाही. बरोबरच केलं तिने. मोठ्यांना ऐकू जात नाही म्हणून काय झालं, पाठीत जेवढी हवा उरली आहे तेवढी सगळी मी आता एकदम सोडते आणि तोंडावर सांगते. ऐक रे, निळ्या सदऱ्या. मदत तिने नाही केली. मदत तू केलीस, त्या पेटीत ठेवली आहे, आणि सात वर्षं झाली तरी ती अजून वाळलेली नाही.